रक्ताव्यतिरिक्त लोखंड नाही

गार चष्मा फ्रिजमधून बाहेर काढला की त्याच्या काचांवर धुकं धरतं. माझ्या काचा मध्ये पातळ आणि कडेला जाड आहेत, म्हणून ते धुकं आधी मधोमध विरतं आणि तिथे एक लहानसं गोल भोक पडतं. मग ते भोक सावकाश कडेपर्यंत पसरत जातं. त्या रविवारी त्या भोकातून मला सगळ्यात आधी दिसलं ते माझ्या सुनेचं तोंड. ते उघडं होतं.

ती चहासाठी दूध काढायला गेली होती. दुधाच्या मागे तिला माझा चष्मा सापडला. तिने तो माझ्या हातात दिला, मी तो डोळ्यांवर चढवला आणि धुकं विरेपर्यंत शांत उभी राहिले. एवढ्या वेळात माझा मुलगा आणि आमचे हे दोघेही स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबले होते.

मी खरं काय ते सांगितलं. चष्म्याच्या डाव्या काडीचा स्क्रू जाम झाला होता. स्क्रू पितळेचा, चौकट पोलादाची. गारव्यात पितळ पोलादापेक्षा जास्त आकसतं, म्हणून मी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता. परिणाम अगदी थोडा असतो हे मला मान्य आहे, पण हट्टी स्क्रूला कधी कधी तेवढाही पुरतो. विसरून ठेवला असं मी म्हटलं असतं, तर चौघं हसलो असतो आणि चहा प्यालो असतो. मुद्दाम ठेवला म्हटल्यावर विषय गंभीर झाला. स्क्रू सुटला की नाही, हे कोणी विचारलं नाही. तो सुटला होता.

"आई," मुलगा अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तुला हल्ली असं आणखी काही होतं का?"

हा मऊ आवाज मला ओळखीचा होता. मी जन्मभर नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासत आले. पाणी पिण्यालायक नाही हे एखाद्या वसाहतीला कळवताना मी हाच आवाज लावत असे.

इथे मला मोठ्या घराचं सांगायला हवं. मुलाच्या मनात होतं की आमचं घर विकायचं, त्याचंही विकायचं आणि सगळ्यांनी मिळून एक प्रशस्त घर घ्यायचं. ह्यांनी ते लगेच उचलून धरलं. हे विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून घरात नुकसानीची पाहणी करण्यासारखं काही नसल्यामुळे कंटाळले होते. त्यांनी आलेखाच्या कागदावर नव्या घराचा नकाशा काढला, त्यातली मोठी बाल्कनी स्वतःच्या नावाने रंगवली आणि तिथे आरामखुर्ची कुठल्या कोनात ठेवायची तेही ठरवून टाकलं. त्या नकाशात माझी मागची खोली नव्हती. मागच्या खोलीत भिंतीत पक्की बसवलेली दगडी फळी आहे आणि तिच्यावर प्रयोगशाळेने भंगारात काढलेला दोन पारड्यांचा जुना काचपेटीतला तराजू. मी तिथे बसून बारीकसारीक गोष्टींची वजनं करते. आगपेटीतली काडी जळण्याआधी केवढी असते आणि नंतर केवढी, असल्या गोष्टी. कुणाच्याही उपयोगाचं नाही. त्या खोलीत मला कुणी प्रश्न विचारत नाही, एवढाच तिचा गुण.

आमचं घर आम्हा दोघांच्या नावावर आहे. माझ्या सहीशिवाय ते विकता येत नाही. आणि मी गेले कित्येक महिने एकच शब्द बोलत होते, तो म्हणजे "बघू".

आता माझ्या लक्षात आलं की त्या "बघू"चं रोगनिदान झालं आहे. आईला निर्णय घेता येत नाही. आई विचारलेल्याचं उत्तर देत नाही. आणि आता आई चष्मा फ्रिजमध्ये ठेवते आणि वर पितळेबद्दल बोलते. मी त्याच क्षणी नाही म्हणून मोकळी झाले असते. पण नाही म्हणणारी बाई शाबूत आहे की बिघडलेली, हे आधी ठरायला हवं होतं, नाहीतर माझा नकार लक्षणांत जमा झाला असता. मुलगा जाता जाता बापाला हळूच म्हणाला की, कागदपत्रं काय ती वेळेत केलेली बरी, पुढे आईची सही चालेल न चालेल. तो ते प्रेमाने म्हणाला. म्हणून ते जास्त लागलं.

पुढच्याच आठवड्यात तो एक जाहिरात घेऊन आला. शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात साठीच्या पुढच्या निरोगी माणसांवर एक संशोधन चाललं होतं. वाढत्या वयात मेंदू निर्णय कसे घेतो, हे पाहायला चुंबकाच्या मोठ्या यंत्रात डोकं घालून मेंदूचे फोटो काढायचे होते. स्वयंसेवक हवे होते. जाहिरातीवर एका आजीचा हसरा फोटो होता. मेंदू यंत्रात जायच्या आधीचा असावा.

मी ताबडतोब हो म्हटलं. सगळ्यांना आश्चर्य वाटलं, ह्यांना तर थोडं वाईटही वाटलं, कारण माझी समजूत कशी काढायची याची त्यांनी तयारी केली होती. माझा विचार साधा होता. ज्या गोष्टीवरून वाद आहे ती मोजून घ्यावी. डोकं ठीक असल्याचा कागद हातात आला की मी माझा नकार त्याला जोडून देणार होते.

बातमी जिन्याने वर आणि खाली दोन्हीकडे गेली. खालच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहतात. ते मला भेटायला आले आणि त्या चुंबकाची ताकद काय असते याचं त्यांनी दाखल्यासह वर्णन केलं. त्यांच्या भाच्याच्या ओळखीतल्या एका गृहस्थाच्या खिशात नेलकटर राहिलं होतं, ते गृहस्थ नेलकटरसकट यंत्राला जाऊन चिकटले आणि यंत्र बंद होईपर्यंत तिथेच राहिले. मी विचारलं की खिसा फाटून फक्त नेलकटर का गेलं नाही. ते म्हणाले की कापड उत्तम प्रतीचं होतं.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं मत वेगळं होतं. चुंबकाजवळ ठेवलेल्या बँकेच्या कार्डावरचं सगळं जसं पुसलं जातं तसं डोक्यातलंही पुसलं जातं, अशी त्यांची खात्री होती. जायच्या आधी महत्त्वाच्या गोष्टी ह्यांना सांगून ठेवा, असं त्यांनी सुचवलं. हे वही घेऊन माझ्यासमोर बसले. गॅस सिलिंडरचा नंबर कुठे लावायचा आणि पंख्याची हमीपत्रं कुठे आहेत, एवढं त्यांनी विचारलं. त्यानंतर त्यांना काही सुचेना. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या डोक्यातलं वाचवून ठेवण्यासारखं एवढंच निघालं, हे मी नोंदवून ठेवलं.

ठरल्या दिवशी आम्ही दोघं महाविद्यालयात गेलो. तळमजल्यावर काचेची खिडकी होती आणि खिडकीमागे एक कारकून होता. तो प्रश्न वाचत होता आणि उत्तरं संगणकात भरत होता. नाव, वय, उंची सुरळीत पार पडली. मग त्याने विचारलं, "शरीरात धातू आहे का?"

"कुठला धातू?" मी विचारलं.

"कुठलाही."

"मग आहे. लोखंड आहे."

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "किती?"

"तीनेक ग्रॅम असेल."

"कुठे आहे?"

"सगळीकडे."

"अपघात झाला होता?"

"नाही. जन्मापासून आहे."

हे शेजारून माझी बाही ओढत होते. पण प्रश्न "कुठलाही" असा होता, आणि कुठलाही म्हटल्यावर रक्तातलं लोखंड त्यात येतं. मी आयुष्यात चुकीच्या प्रश्नाला सोयीचं उत्तर दिलेलं नाही. त्या कारकुनाने संगणकावर काहीतरी दाबलं, यंत्राने एक बारीक आवाज केला आणि मला क्ष-किरण विभागात जायला सांगण्यात आलं.

क्ष-किरण विभागातल्या माणसाने माझा कागद वाचला. "शरीराचा भाग" या शब्दांपुढे कारकुनाने "सगळीकडे" लिहिलं होतं. तो म्हणाला, सगळीकडचा फोटो निघत नाही, एक भाग निवडा. मी म्हटलं, मी ज्या संशोधनासाठी आलेय ते निवड करण्याबद्दलच आहे, पण ते वरच्या मजल्यावर आहे. त्याने मला डॉक्टरांकडे धाडलं.

डॉक्टर चांगले होते. त्यांना सगळं समजलं, ते मनापासून हसले आणि म्हणाले की चला, मी खोडून टाकतो. पण ते खोडता येईना. खिडकीवर एकदा "आहे" भरलं की ते "नाही" करायला दाखला लागत होता. त्यांनी दाखला लिहायला घेतला. "यांच्या शरीरात लोखंड नाही", असं ते लिहीत होते. मी त्यांना थांबवलं.

"लोखंड नसतं तर मी जिवंत जिना चढून इथपर्यंत आले नसते," मी म्हटलं.

ह्यांनी कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी पेनाचं टोक हनुवटीला टेकवून थोडा विचार केला आणि शेवटी लिहिलं, "रक्ताव्यतिरिक्त लोखंड नाही." शास्त्रीयदृष्ट्या हेही पूर्ण बरोबर नाही, यकृतात असतं, स्नायूंत असतं. पण त्यांच्या दाराबाहेर रांग वाढली होती आणि ह्यांचा चेहरा पाहून मी गप्प बसले. माझ्या हातून झालेली ही त्या दिवसातली पहिली तडजोड.

कारकुनाने दाखला दोनदा वाचला. "व्यतिरिक्त म्हणजे रक्तात आहे, असंच ना?" असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मग मला रक्ततपासणीला पाठवलं गेलं. तिथे रक्त काढून घेतलं आणि दुपारी हातात अहवाल आला की माझ्या रक्तात लोखंड जरा कमीच आहे. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, रोज एक, जेवल्यावर. ज्या इमारतीने लोखंड आहे म्हणून मला सकाळपासून फिरवलं होतं, तिनेच संध्याकाळच्या आत आणखी लोखंड खायला सांगितलं. मी दोन्ही कागद खिडकीत सरकवले. त्या गोळ्या धातू आहेत का, असं कारकुनाने विचारलं आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात ह्यांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात इतका केविलवाणा होता की मी तोंड मिटलं.

सुटका केली ती संशोधक मुलीने. केसांत पेन्सिल खोचलेली, सतत घाईत असलेली एक बारकी मुलगी वरून धावत आली. लोखंडवाल्या काकू कुठे आहेत, असं तिने विचारलं आणि सगळ्या रांगेने माझ्याकडे बोट दाखवलं. तिने खिडकीत सही ठोकली, मला वर नेलं आणि जिन्यात हळूच म्हणाली, "काकू, तुमचं उत्तर बरोबर होतं. प्रश्न आम्ही बदलून घेऊ." महाविद्यालयात मला त्या दिवशी भेटलेली समजूतदार माणसं दोन, आणि त्यांतल्या एकीलाच काही करण्याचा अधिकार होता.

यंत्राच्या खोलीबाहेर ह्यांना बसवलं. ते आत येणार नव्हते, तरी पोस्टमास्तरांची गोष्ट डोक्यात असल्यामुळे त्यांनी घड्याळ, किल्ल्या, फोन आणि कंबरेचा पट्टा काढून एका ताटलीत ठेवला. वयाबरोबर ते जरा बारीक झाले आहेत. त्यामुळे पुढचा तासभर कोणी हाक मारली की ते एका हाताने विजार धरून उठत होते आणि दुसऱ्या हाताने आदबीने नमस्कार करत होते.

माझा पोलादी चष्मा काढून घेऊन त्याच नंबराचा प्लास्टिकचा दिला, मला एका अरुंद फळीवर झोपवलं, डोक्याभोवती पिंजरा लावला, हातात दोन बटणांची डबी दिली आणि फळी बोगद्यात सरकली. डोळ्यांसमोर एक आरसा होता आणि आरशात पडदा दिसत होता. मग यंत्र सुरू झालं. त्याच्या आवाजाबद्दल लोक भलतंच सांगतात. मला तो आवडला. आमच्या प्रयोगशाळेतला जुना पंप बंद पडायच्या बेतात असताना असाच वाजायचा आणि त्या आवाजात साहेबांचं बोलणं ऐकू येत नसे.

पडद्यावर दोन दोन गोष्टी येत होत्या. जी हवी तिचं बटण दाबायचं. चहा की कॉफी, इथपर्यंत ठीक होतं. मग आलं, डोंगर की समुद्र. कुठल्या ऋतूत, हे दिलेलं नव्हतं. मी बटण दाबलं नाही. मग आलं, पुस्तक की गप्पा. कुणाशी गप्पा? मी दाबलं नाही. मग आलं, एकटं की सगळ्यांबरोबर. मी तो प्रश्न आरशात पाहत राहिले आणि तो प्रश्नही माझ्याकडे पाहत राहिला. तेवढ्यात पडदा बदलला.

यंत्र थांबलं. कानातल्या स्पीकरमधून त्या मुलीने विचारलं की बटण चालतंय ना.

"बटण चालतंय," मी म्हटलं. "प्रश्न चालत नाहीत."

ती म्हणाली की फार विचार करू नका काकू, मनात पहिलं येईल ते दाबा. मी म्हटलं की मनात पहिलं जे येतं त्याला मी कधी निष्कर्ष म्हणत नाही. मग ती म्हणाली की बरं, आता विश्रांतीचा भाग करू, डोळे मिटा आणि कशाचाही विचार करू नका.

कशाचाही विचार करू नका, असं मला आजवर कुणीच सांगितलेलं नव्हतं. घरी सगळे म्हणतात की विचार कर, लवकर कर, कळव. मी डोळे मिटले. यंत्राचा पंप लयीत वाजत होता. मला इतकी गाढ झोप लागली की उठवायला दोघांना यावं लागलं.

झोपेत माझी मान डुलली होती. मान डुलली की फोटो हलतात. बटणं बहुतेक वेळा दाबलेलीच नव्हती. बाहेर आल्यावर ती मुलगी ओशाळून म्हणाली की हा भाग वापरता येणार नाही, तुम्हाला पुन्हा यावं लागेल. हे वाक्य ह्यांनी विजार सावरताना अर्धवट ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पोस्टमास्तर उभे. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले की वहिनी, मनाला लावून घेऊ नका, त्यांच्या थोरल्या भावाचाही शेवटी वापरता येत नव्हता. वरच्या वहिनी दुपारी आल्या. त्या माझ्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलल्या, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं, आणि मी त्यांच्या बोलण्यात नेहमीसारखी काही दुरुस्ती केली नाही म्हणून त्यांनी ह्यांना बाजूला घेऊन, बऱ्याच खालावल्या आहेत हो, असं सांगितलं. संध्याकाळी मुलाचा फोन आला. मोठ्या घराच्या बिल्डरने सोमवारपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. त्यानंतर ते घर दुसऱ्याला जाईल. तो म्हणाला की आई, तू काही काळजी करू नकोस, आम्ही सगळं बघतो. "बघू" हा शब्द माझा होता. "आम्ही बघतो" म्हटल्यावर त्याचा अर्थ केवढा बदलतो, हे मला त्या फोनवर समजलं.

शुक्रवारी मी पुन्हा गेले. या वेळी एकटी. खिडकीवर कारकुनाने धातूबद्दल विचारलं नाही. तो घाईघाईने पुढच्या प्रश्नावर गेला. बोगद्यात मी प्रत्येक प्रश्नाचं बटण दाबलं. डोंगर, हिवाळ्यातला असं मनाशी धरून. पुस्तक. एकटं की सगळ्यांबरोबर, हा प्रश्न वेगवेगळ्या चित्रांनी पाचसहा वेळा आला आणि मी दर वेळी अंगठा जरासाही न थबकता तेच बटण दाबलं. मान हलली नाही. ती मुलगी खूश झाली. दुसऱ्याच दिवशी तिने ईमेलने आभाराचं पत्र पाठवलं, सोबत माझ्या मेंदूची काही चित्रं आठवण म्हणून. पत्रात म्हटलं होतं की डॉक्टरांना चित्रांत काळजीचं काही दिसलं नाही. आणि जाड अक्षरांत, की ही चित्रं संशोधनासाठी आहेत, एका माणसाच्या चित्रावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. मला त्या मुलीबद्दल माया वाटली. प्रयोगशाळेत अशी एक मुलगी मी शेवटपर्यंत शोधत होते.

हे पत्र मी रविवारी सगळ्यांपुढे ठेवलं. पहिलं वाक्य सगळ्यांनी वाचलं आणि त्यांना हायसं वाटलं, हे मी कबूल करते. सुनेने मला मिठी मारली. दुसरं वाक्य मात्र कुणी वाचलं नाही, कारण तोवर ह्यांनी फोन टीव्हीला जोडून चित्र लावलं होतं.

माझा मेंदू बैठकीच्या खोलीत भिंतभर पसरला. राखाडी, सुरकुतलेला, आणि त्यावर दोन-तीन नारिंगी ठिपके. मी त्याच्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. चेहऱ्यापेक्षा तो बराच नीटनेटका होता. पोस्टमास्तर आणि वरच्या वहिनी चित्र पाहायला आलेच होते. त्यांच्यासाठी खुर्च्या सरकवल्या गेल्या आणि मला कोपऱ्यातल्या स्टुलावर जागा मिळाली.

मुलाने मेंदूजवळ जाऊन एका ठिपक्यावर बोट ठेवलं. निवड करताना इथे रक्त जास्त गेलं, असं पत्रात आहे, म्हणजे निवड करायची ताकद शिल्लक आहे, असं त्याने सांगितलं. आणि ठिपका केवढा मोठा आहे, म्हणजे सगळ्यांबरोबर राहायच्या कल्पनेने आईला आनंद झाला असणार. सुनेला ते पटलं नाही. तिला तो रंग ताणाचा वाटत होता. आनंद असता तर हिरवा असता, असं ती म्हणाली. वरच्या वहिनींनी तिची बाजू घेतली. त्यांच्या मते ठिपका डाव्या बाजूला होता आणि डाव्या बाजूला भीती राहते. पोस्टमास्तर म्हणाले की चित्रात डावं ते प्रत्यक्षात उजवं, पाकिटाच्या मागच्या बाजूने पत्ता वाचावा तसं. यावरून मेंदू उलटा आहे की टीव्ही, याची तपासणी झाली. हे खुर्चीवरून उठून चित्राशेजारी उभे राहिले आणि नुकसानीची पाहणी करायला जायचे त्या सुरात म्हणाले की एकंदरीत मालमत्ता चांगल्या स्थितीत आहे. त्यांनी मोठ्या घरातल्या बाल्कनीचा नकाशाही आणला होता आणि तो मेंदूशेजारी धरून पाहत होते.

मी एकदा म्हटलं की एका माणसावरून निष्कर्ष काढायचा नसतो, असं त्यात लिहिलंय. माझं बोलणं झाल्यावर सगळ्यांनी मान डोलावली आणि सगळे पुन्हा चित्राकडे वळले. मुलगा बापाला विचारत होता की उद्या सकाळी बिल्डरला हो कळवायचं का, तुम्हाला काय वाटतं, आईच्या मनात काय असेल. हे म्हणाले की इतक्या वर्षांत मला कधी कळलं नाही, पण आता समोर दिसतंय तर नीट पाहू. सून म्हणाली की दुसरं चित्र लावा, त्यात बाजूने दिसतं. वरच्या वहिनींनी चष्मा पुसला. पोस्टमास्तरांनी हात वर करून मोजायला सुरुवात केली की आनंद किती जणांना वाटतो आणि भीती किती जणांना.

मी स्टुलावरून उठले, टीव्हीजवळ गेले आणि त्याचं बटण दाबलं. मेंदू गेला. काळ्या काचेत सगळ्यांची तोंडं दिसायला लागली.

"अगं," हे दचकून म्हणाले, "मेंदू का बंद केलास?"

"तुम्ही त्याला विचारत होतात. मी इथे बसलेय," मी म्हटलं.

पोस्टमास्तरांचा हात वरच राहिला होता. मुलगा माझ्याकडे पाहत होता, त्या मऊ आवाजाची तयारी करत, आणि मला दिसलं की तो घाबरला आहे. आईला बरं नाही याची त्याला जेवढी भीती होती, त्याहून जास्त आई अगदी बरी आहे याची. मला त्याची दया आली, आणि म्हणूनच आणखी थांबणं बरं नव्हतं.

"आई, तू बैस आधी," तो म्हणाला. "उद्याचं आपण—"

"घर विकायचं नाही," मी म्हणाले. "मी सही करणार नाही. मी इथेच राहणार आहे. तुझ्या बाबांना मोठ्या बाल्कनीची हौस आहे, तर त्यांना आज घेऊन गेलास तरी चालेल, फक्त दर रविवारी भेटायला आणत जा."